बटाटेवाडीतली मार्था

"आजी, ही बाई नुसती खाते. काढून टाकू का हिला?"

मी दिवाणावर भिंतीकडे तोंड करून पडले होते. डोळे मिटले होते, पण झोप लागली नव्हती. 'आजी' म्हणून ती मलाच विचारत होती, तरी 'ही बाई' म्हणजे मीच, असं क्षणभर वाटून गेलं. टायफॉइडमधून उठलेल्या माणसाला काहीही वाटतं.

"कुठली बाई गं?"

"ही. मार्था."

मी कूस बदलली. दिवाणाला लागूनच कॉम्प्युटरचं टेबल होतं. शाळेचा गणवेश तसाच अंगावर ठेवून शाल्मली खुर्चीत मांडी घालून बसली होती. पडद्यावर डोंगर, झाडं, लाकडी झोपड्या. डोक्याला रुमाल बांधलेली पांढऱ्या केसांची एक बाई झाडावर कुऱ्हाड मारत होती. एक घाव घालायची आणि कमरेवर हात ठेवून उभी राहायची. मग बऱ्याच वेळाने दुसरा.

"तिला लाकूडतोड कुणी दिली?"

"मी. सगळ्यांनाच लाकूडतोड दिलीये. हिवाळा येतोय ना."

"आणि स्वयंपाक कोण करतं?"

"कोणीच नाही. कच्चे बटाटे खातात."

मला हसू आलं. आजारपणानंतरचं ते पहिलंच हसू असावं. हसल्याने दम लागला, म्हणून पुन्हा उशीवर डोकं टेकलं.

ही नाशिकची गोष्ट आहे. माझी एकुलती एक लेक वैजयंती आणि जावई सुहासराव तेव्हा सिडकोत राहायचे. एक हॉल, एक बेडरूम, स्वयंपाकघर. मी गडहिंग्लजला. तिथल्याच प्राथमिक शाळेत आयुष्य गेलं, तिथेच निवृत्त झाले, आणि हे गेल्यावर तिथेच एकटी राहिले. त्या वर्षी टायफॉइड झाला आणि मी अंथरुणाला खिळले. शेजारच्या वहिनींनी नाशिकला फोन केला. वैजू पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला, तिला रजा मिळेना. दुसऱ्या दिवशी सुहासराव भाड्याची गाडी घेऊन एकटेच दारात उभे. मला उचलूनच गाडीत बसवलं त्यांनी. जावयाने सासूला उचलावं, या विचाराने मी वाटभर डोळे मिटून होते.

आठ दिवसांत परत जाऊ म्हणून आले होते. दसरा झाला, दिवाळी झाली, तरी मी त्यांच्या हॉलमध्येच होते. माझ्यामुळे टीव्ही बंद असायचा. सुहासराव कारखान्यातून आले की बूट हातात घेऊन दबक्या पावलांनी आत जायचे आणि स्वयंपाकघरात उभ्याउभ्या चहा प्यायचे. क्रिकेटची मॅच असली की शेजारी जाऊन बघायचे. कोणी मला एका शब्दाने बोललं नाही. पण हे सगळं मला दिसायचं. पडून राहणाऱ्या माणसाला घरातलं सगळं दिसतं.

शाल्मली तेव्हा पाचवीत होती. दुपारी शाळेतून आली की घरात आम्ही दोघीच. ती खेळायची आणि मी पडल्यापडल्या बघायची.

"या खेळात करायचं काय असतं?" मी त्या दिवशी विचारलं.

"गाव वसवायचं. आधी आपण एकटेच असतो. मग माणसं आणायची, त्यांना घर द्यायचं, खायला द्यायचं, काम द्यायचं. ती आपली आपण चालतात, कॉम्प्युटर चालवतो त्यांना. आपण फक्त सांगायचं, तू हे कर, तू ते कर."

"गावाचं नाव काय?"

"बटाटेवाडी." ती जराशी लाजली. "दुसरं काही उगवतच नाही माझ्याकडे."

"आणि माणसं आणायची कुठून?"

"ही बघ." तिने माउस हलवला. वेशीबाहेर एक शेकोटी पेटलेली होती आणि तिच्याजवळ गाठोडं घेऊन एक माणूस बसला होता. "इथे येऊन बसतात. कुठून येतात ते माहीत नाही. कोणाचं घर जळलेलं असतं, कोणाचं काय. मग आपण तिथे जाऊन विचारायचं, आमच्याकडे राहता का? हो म्हणाले की येतात."

"आणि नाही विचारलं तर?"

"बसून राहतात. मग जातात निघून."

"आत पलंग रिकामा दिसत असला तरी?"

"हो ना! कितीही थंडी असली तरी आपण होऊन कोणी आत येत नाही." मग तिने तोंड वाकडं केलं. "मठ्ठ आहेत."

"मठ्ठ नाहीत गं," मी म्हटलं. "चांगल्या घरची आहेत."

तिला ते कळलं नाही. ती पुन्हा मार्थाकडे वळली.

बटाटेवाडीचं फार वाईट चाललं होतं. प्रत्येक माणसाच्या डोक्यावर एक ठिपका होता. माणूस खूश असला की हिरवा, कंटाळला की पिवळा. लाल झाला की तो गाठोडं उचलून चालता व्हायचा. शाल्मलीच्या गावात सगळे पिवळे होते. ती शेकोटीवरून एक माणूस आणायची तोवर दुसऱ्या टोकाने दोन निघून जायचे.

"मला कळतच नाही," ती रडकुंडीला आली होती. "घर दिलं, खायला दिलं, तरी जातात!"

मी उशी पाठीशी घेऊन बसले. बऱ्याच दिवसांनी बसले होते.

"आमच्या चौथीच्या वर्गात एक मुलगा होता," मी सांगायला लागले. "रोज कोणाला तरी मारायचा. मी त्याला पाण्याच्या माठाचा कारभारी केलं. सकाळी माठ भरायचा, झाकण ठेवायचं, सांडलेलं पुसायचं. त्यानंतर त्याने मारामारी केली नाही असं नाही, पण माठाजवळ कधी केली नाही."

"मग?"

"मग काही नाही. कोणाला काय जमतं ते बघितलंस का तू? का आला की दिली कुऱ्हाड?"

प्रत्येक माणसावर माउस नेला की त्याची माहिती उघडायची. तिने ती कधी वाचलीच नव्हती. इंग्रजीत होती, बारीक अक्षरांत. मी चष्मा मागवला. आम्ही दोघींनी एकेकाला उघडून वाचलं. एकाला मासे धरता येत होते, त्याला नदीवर पाठवलं. एकीला शिवणकाम येत होतं. एक दाढीवाला दणकट गडी होता, तो फक्त लाकूडतोडीतच हुशार निघाला.

"बघ, एकाला तरी मी बरोबर काम दिलं होतं," शाल्मली म्हणाली.

"बंद पडलेलं घड्याळही कधीतरी बरोबर वेळ दाखवतं."

"आजी!"

मार्थाला चूल दिली. तिला स्वयंपाक फारसा येत नव्हता. तिला कशातच फारसं काही येत नव्हतं, प्रत्येक कामापुढे एकच चांदणी. पण बटाटे उकडलेले मिळायला लागले आणि पिवळे ठिपके हळूहळू हिरवे झाले.

असे काही आठवडे गेले. दुपारी शाळा सुटायच्या वेळी माझे कान जिन्याकडे लागायचे. दप्तर टाकायच्या आधी ती विचारायची, "आजी, मासेवाल्याचं काय करायचं ठरलं?" मी दिवसभर त्यावर विचार केलेला असायचा. तिचा भागाकारही त्यातच पक्का झाला. कोठारातले बटाटे भागिले माणसं, म्हणजे किती दिवस पुरतील. बाकी उरली तर ती गावातल्या शेळीला.

मी बरी होत होते. पायात बळ येत होतं, मनात येत नव्हतं. बरी झाले म्हणजे निघायला हवं, हे उघड होतं. आणि गडहिंग्लजच्या त्या घराची कल्पनाच सोसत नव्हती. सकाळी उठून दाराची कडी आपणच काढायची, रात्री आपणच लावायची. दिवसभरात तिला दुसरा हात लागणार नाही. आयुष्यभर पोरांच्या कलकलाटात काढलेल्या बाईला ती शांतता बाधते. पण हे कोणाला सांगायचं?

वैजू म्हणायची, "राहा गं आई." भाजी निवडताना म्हणायची, केस विंचरताना म्हणायची. मी हसून विषय बदलायची. लेक म्हणणारच. पण लेकीचं घर म्हणजे जावयाचं घर. वैजू जन्मेपर्यंत माझी आई माझ्या सासरी पाण्याचा घोटही घेत नव्हती. मी शिकलेली, मास्तरीण. असल्या रिवाजांना वर्गात हसलेली. पण काही गोष्टी डोक्यातून गेल्या तरी हाडांतून जात नाहीत. सुहासरावांनी एकदा, एकदाच म्हणावं, अशी मी वाट बघत होते.

मग मीच विषय काढायचं ठरवलं. एका सकाळी ते कामावर निघाले होते. मी म्हटलं, "सुहासराव, आता बरं वाटतंय मला. फार दिवस झाले. निघायला हवं."

आता ते म्हणतील, 'कशाला घाई करता?' एवढंच म्हटलं असतं तरी चाललं असतं.

ते दारात थांबले. बुटाची नाडी बांधत होते. मान वर न करता म्हणाले, "बरं. कधीचं तिकीट काढू?"

"बघा तुमच्या सवडीने."

"रविवारचं काढतो. म्हणजे मला सोडायला येता येईल."

"चालेल."

ते गेले. मी दार लावलं आणि दिवाणावर येऊन बसले. रागही आला नाही. फक्त इतका थकवा आला, की पाय उचलून वर घ्यायचंही जिवावर आलं.

त्या दुपारी शाल्मली आली ती ओरडतच. "आजी, बर्फ पडायला लागला! नदी गोठली! मासे बंद!"

आम्ही कोठार बघितलं. भागाकार केला. हिवाळा संपायच्या आत बटाटे संपत होते.

"आता?" ती म्हणाली. "एक माणूस कमी केला तर पुरतील. पण कोणाला?"

मी पडद्याकडे बघत होते. चुलीपाशी मार्था उभी होती. पातेल्यात डाव फिरवायची आणि कमरेवर हात ठेवायची.

"तिला काढून टाक," मी म्हटलं.

"मार्थाला?"

"तूच म्हणाली होतीस ना, नुसती खाते म्हणून."

"पण ते तेव्हा! आता ती आपली आहे ना. आणि बाहेर बर्फ आहे."

"गणित काय सांगतं?"

मग तिने माउस माझ्याकडे सरकवला. "मग तू काढ. मला नाही जमणार."

मी माउस हातात घेतला. मार्थावर बाण नेला. एक चौकट उघडली, 'नक्की ना?' असं इंग्रजीत विचारत होती. मी दाबलं.

मार्थाने डाव खाली ठेवला. झोपडीत गेली, गाठोडं घेऊन बाहेर आली. तिच्या डोक्यावरचा ठिपका लाल झाला नव्हता, हे मी पाहिलं. तो हिरवाच होता. वेशीपाशी ती थांबली आणि खाली एक ओळ उमटली. शाल्मलीने ती वाचली.

"येते म्हणतेय," ती म्हणाली.

"जाते म्हणत असेल."

"इंग्रजीत जातेच लिहिलंय. पण आपण येते म्हणतो ना. तूच शिकवलंस, जाते म्हणू नये म्हणून." तिने डोळे पुसले. "म्हणजे येईल ती परत?"

"नाही गं. नुसती म्हणायची पद्धत आहे."

मार्था गेली नाही. वेशीबाहेरच्या शेकोटीपाशी जाऊन बसली, जिथे पहिल्या दिवशी बसली असेल तिथेच. तिच्या रुमालावर बर्फ साठायला लागला. शाल्मलीने कॉम्प्युटर बंद केला.

"का गं? खेळ की."

"बंद असला की तिथे दिवस जात नाही," ती म्हणाली. "ती तिथेच राहील. मरणार नाही आणि जाणारही नाही."

रात्रीचं जेवण त्या घरात लवकर असायचं. आम्ही तिघं स्वयंपाकघरात पाट मांडून बसलो होतो. वैजूने पिठलं केलं होतं, पहिल्या भाकऱ्या मी थापल्या होत्या आणि आता तव्यापाशी ती होती. सुहासरावांनी खिशातून तिकीट काढून माझ्या पाटाशेजारी ठेवलं. "खिडकीची जागा मिळाली, आई."

"बरं झालं," मी म्हटलं.

वैजूने भाकरी जरा जोरातच ताटात टाकली.

शाल्मली जेवत नव्हती. पिठल्यात बोट फिरवत होती.

"बाबा, मार्था बाहेर शेकोटीपाशी बसलीये."

"कोण मार्था?"

"माझ्या गेममधली. म्हातारी आहे. बर्फात बसलीये."

"मग आत बोलाव ना तिला." सुहासरावांचं लक्ष कांदा फोडण्यात होतं.

"मी बोलावणारच आहे. पण विचारावं लागतं. विचारल्याशिवाय ती येत नाही. पलंग रिकामा असला तरी येत नाही."

"मग विचार."

"हो. मी तिला विचारते." ती सरळ बापाकडे बघायला लागली. "तू आजीला कधी विचारणार?"

कांदा हातात तसाच राहिला. बाहेर कुणाच्या तरी घरी कुकरची शिट्टी झाली.

"काय विचारायचं आजीला?" सुहासराव म्हणाले, पण त्यांना कळलं होतं. कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"शाल्मली, जेव गप," मी म्हटलं.

"नाही, बोलू दे तिला," वैजू म्हणाली. तव्यावरची भाकरी तिने तशीच सोडली. "घरात एक तरी माणूस शहाणं आहे."

सुहासरावांनी कांदा ताटात ठेवला. माझ्याकडे न बघता, पाटाच्या कडेकडे बघत ते बोलायला लागले. "आई, मी विचारणार होतो. दसऱ्यालाच विचारणार होतो. पण तुमचं तिकडे घर आहे. सासूला घरी आणून ठेवलं की लोक काय बोलतात ते मी बघितलंय. आमच्या थोरल्या भावाने आणलं सासूबाईंना, चांगल्या मनाने आणलं. पुढे त्यांच्या दुखण्यापायी त्यांचंच घर विकावं लागलं. अजून गाव म्हणतं, याने घरासाठीच म्हातारी आणली. तुमच्या मनात तसं काही येऊ नये म्हणून... तुम्हाला जायचं असेल तर अडवायचं नाही, असं ठरवलं होतं मी."

"आणि मी तुम्ही विचाराल म्हणून थांबले होते," मी म्हटलं. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. "आपण होऊन कसं राहायचं? लेकीच्या घरी?"

"वा!" वैजूने उलथनं आपटलं. "हिला जावयाने विचारायला हवं आणि यांना सासूने सांगायला हवं. आणि मी दसऱ्यापासून 'राहा आई, राहा आई' म्हणत होते ते काय भिंतीला? या घराचा अर्धा हप्ता माझ्या पगारातून जातो. मी कोण आहे इथे? दाराची कडी?"

तव्यावरची भाकरी करपल्याचा वास आला. कोणी तिकडे लक्ष दिलं नाही. तिचं खरंच होतं. मी शाळेत किती मुलींना सांगितलं असेल, की बाईचा शब्द हलका नसतो. आणि घरच्या लेकीचा शब्द मी मोजलाच नव्हता.

सुहासराव खाकरले. "म्हणजे, आई, शाल्मलीच्या अभ्यासाकडे बघायला पण कोणी नाही. तिचं गणित तुम्ही..."

"बाबा!" शाल्मली म्हणाली. "काम नंतर द्यायचं. आधी विचारायचं."

वैजूला हसू फुटलं. सुहासरावांनाही. मग त्यांनी हात पुसले, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्याकडे सरळ बघून म्हणाले, "आई, आमच्याकडे राहता का?"

रडू येत होतं असं नाही. फार लांबून डोक्यावर आणलेलं ओझं कोणीतरी हात लावून उतरवलं, की मान काही वेळ तशीच ताठ राहते, तसं झालं होतं.

"भाकरी गार होतेय," मी म्हटलं. "आधी जेवा."

"आजी, हो की नाही? एक दाबावं लागतं."

"हो," मी म्हटलं, आणि मग वैजूकडे वळून म्हटलं, "तुझ्या घरी राहते गं."

"आता ऐकू आलं का?" ती म्हणाली आणि करपलेली भाकरी माझ्याच ताटात वाढली.

तिकीट काढलेलं होतं, ते वाया कशाला घालवायचं? घर बंद करून, किल्ली शेजारच्या वहिनींकडे देऊन यायचंच होतं. रविवारी सुहासराव रिक्षा घेऊन खाली थांबले. मी चप्पल घातली आणि सवयीने म्हटलं, "येते."

शाल्मली दारात आडवी उभी राहिली. "म्हणजे जातेस का येतेस?"

मी थांबले. जन्मभर हा शब्द मी शेकडो उंबऱ्यांवर उच्चारला होता, आणि त्याचा अर्थ काय असं कोणी विचारलं नव्हतं.

"येते म्हणजे येते," मी म्हटलं.

गडहिंग्लजला मला वाटलं त्याहून जास्त दिवस लागले. भांडी झाकायची, गाद्या बांधायच्या, पेन्शनचं बँकेत सांगायचं. शाळेच्या नव्या बाईंना माझी तक्ते गुंडाळायची नळकांडी देऊन टाकली. दाराला कुलूप लावलं आणि ते दोनदा ओढून बघितलं. वहिनी म्हणाल्या, "बाई, लेकीकडं चाललासा?" मी म्हटलं, "होय. बोलावणं आलंय."

नाशिकला पोचले तेव्हा दुपार होती. दिवाण भिंतीच्या दुसऱ्या बाजूला सरकवलेला होता, म्हणजे टीव्ही बघणाऱ्यांना आणि मला, दोघांनाही जागा होईल असा. टीव्ही चालू होता. सुहासराव जमिनीवर बसून मॅच बघत होते. मला बघून त्यांनी आवाज कमी करायला हात पुढे केला. मी म्हटलं, "असू द्या. स्कोअर काय झालाय?"

कॉम्प्युटरवर कापड टाकलेलं होतं. त्यावर धुळीचा पातळ थर.

"खेळली नाहीस?" मी शाल्मलीला विचारलं.

"उघडलाच नाही. उघडला असता तर तिथे दिवस गेले असते."

तिने कापड काढलं, कॉम्प्युटर सुरू केला. मी प्रवासाने शिणले होते, पाठ टेकावीशी वाटत होती, पण खुर्ची ओढून बसले. पडद्यावर तोच बर्फ. तीच शेकोटी. मार्था गाठोडं मांडीवर घेऊन, आम्ही सोडली होती तशीच बसलेली.

"तू काढलंस ना," शाल्मली म्हणाली आणि माउस माझ्या हातात दिला. "तूच विचार."

"आणि बटाटे? ते पुरणार नाहीत."

"सगळे थोडे थोडे कमी खातील. मी केला भागाकार. पिवळे होतील, पण लाल नाही होणार."

मी मार्थापर्यंत गेले. कसं जायचं तेही मला नीट जमत नव्हतं, दोनदा झाडाला धडकले. तिच्यासमोर उभी राहिले. चौकट उघडली. मी तीच ओळ निवडली, आमच्याकडे राहता का.

ती उठली, रुमालावरचा बर्फ झटकला, गाठोडं उचललं आणि वेशीतून आत आली. झोपडीत गाठोडं ठेवलं, लगेच बाहेर पडली, आणि कोपऱ्यातली कुऱ्हाड घेऊन झाडाकडे चालायला लागली.

"अगं," मी शाल्मलीला म्हटलं, "तिला जरा बसू दे आधी."